वाघोबाच्या घरी जायचंय? मग अशी करा तयारी!

बालमित्रांनो, 'सफारी' हा शब्द तुम्हाला इंग्रजी वाटतो ना? टीव्हीवर सिंह, जिराफ दिसू लागले की तो हमखास कानावर पडतो. पण गंमत सांगू? हा शब्द आपल्या 'सफर'चा सख्खा भाऊ आहे. अरबी भाषेत 'सफर' म्हणजे प्रवास. हा शब्द अरब व्यापाऱ्यांबरोबर आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावर गेला आणि तिथल्या स्वाहिली भाषेत त्याचं 'सफारी' झालं. इकडे तो फारसीचं बोट धरून मराठीत आला आणि 'सफर'च राहिला. म्हणजे सफारी म्हणजे काय, तर प्रवास! त्यात 'वाघ दिसलाच पाहिजे' असं कुठंही लिहिलेलं नाही. एवढं वाक्य मनात नीट जपून ठेवा. पुढे त्याचं काम पडणार आहे.

वार्षिक परीक्षा जवळ आली की माझ्या वर्गात अभ्यासापेक्षा सुट्टीचे बेतच जास्त रंगतात. कुणी मामाच्या गावाला जाणार, कुणी कोकणात, कुणी आजीकडे. हल्ली त्यात आणखी एक उत्तर ऐकू येतं, "बाई, आम्ही ताडोब्याला जाणार!" मग बाकीची मुलं त्या मुलाला अगदी घेरून टाकतात. वाघ नक्की दिसतो का? तो जवळ आला तर काय करायचं? गाडीला काचा असतात का? आत डबा खाता येतो का? म्हटलं, या सगळ्या प्रश्नांची उत्तरं एकदा नीट लिहूनच काढू या. आणि हो, सहलीची तयारी काही फक्त आई-बाबांनी करायची नसते. यातली निम्मी कामं तुम्हीच करायची आहेत बरं का!

आधी नकाशा उघडा

महाराष्ट्राचा नकाशा समोर घ्या. उजवीकडे, पूर्वेच्या टोकाला विदर्भ आहे. तिथं नागपूरच्या दक्षिणेला साधारण दीडशे किलोमीटरवर चंद्रपूर सापडेल. दिल्लीहून चेन्नईला जाणारा मोठा रेल्वेमार्ग नागपूर, सेवाग्राम, चंद्रपूर, बल्लारशाह असाच जातो. त्यामुळे रेल्वेनं थेट चंद्रपूरला उतरता येतं. नागपूरहून एस.टी.चीही सोय आहे.

चंद्रपूरपासून जंगलाचं मोहर्ली प्रवेशद्वार तीसेक किलोमीटरवर आहे. चिमूरच्या बाजूनं येणाऱ्यांना कोलारा आणि नवेगाव ही प्रवेशद्वारं सोयीची पडतात. म्हणून आधी प्रवेशद्वार ठरवायचं आणि मग त्याच्या जवळची मुक्कामाची जागा शोधायची. हे उलटं झालं, तर पहाटे चार वाजता उठून आधी तासभर गाडीत बसावं लागेल आणि जंगलात शिरल्यावर सगळी मंडळी डुलक्या काढतील!

आता थोडी ताडोब्याची ओळख. १९५५ साली ताडोबा राष्ट्रीय उद्यान झालं. महाराष्ट्रातलं हे सर्वांत जुनं राष्ट्रीय उद्यान. शेजारचं अंधारी अभयारण्य १९८६ सालचं. अंधारी हे तिथून वाहणाऱ्या नदीचं नाव. दोन्ही मिळून १९९५ साली 'ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्प' तयार झाला. आणि ताडोबा हे नाव कुठून आलं? गोंड लोकांचा एक देव आहे, तारू. तारू हा गावाचा प्रमुख होता, वाघाशी झुंजताना त्याला मरण आलं आणि लोक त्याला देव मानू लागले, अशी कथा सांगतात. ताडोबा तलावाच्या काठी त्याचं ठाणं आहे. पौष महिन्यात आदिवासी बांधव तिथं दर्शनाला येतात. पाहा, वाघाशी लढलेल्या माणसाच्या नावानं आज वाघांचं घर ओळखलं जातं!

या जंगलाचा गाभा सुमारे ६२५ चौरस किलोमीटरचा आहे. म्हणजे मुंबई शहर आणि उपनगरं मिळून जेवढी जागा होते, त्याहूनही थोडा मोठा. त्याच्या भोवती सुमारे ११०० चौरस किलोमीटरचा 'बफर' म्हणजे कडेचा पट्टा आहे. त्यात जंगलही आहे, गावंही आहेत आणि शेतंही आहेत. २०१२ सालच्या नियमांप्रमाणे गाभ्यातला फार तर पाचवा हिस्सा पर्यटकांसाठी वापरता येतो. बाकीच्या भागात आपली गाडी जातच नाही. आता तुम्हीच सांगा, एवढ्या मोठ्या घरातला वाघ नेमका आपल्याच रस्त्यावर, आपल्याच वेळेला येऊन बसेल याची हमी कोण देणार?

केव्हा जायचं?

वाघ बघायचा तर उन्हाळ्यातच जावं, असं सगळे सांगतात. त्यात तथ्य आहे. एप्रिल-मे महिन्यांत गवत वाळतं, पानं झडतात, ओढे आटतात. मग प्राणी पाणवठ्यावर येतात. वाघोबा तर सरळ पाण्यात बसतात, तेही पाठीमागून! शेपटीकडून हळूहळू पाण्यात शिरायचं आणि तोंड बाहेर ठेवायचं, ही त्यांची लाडकी पद्धत. पण चंद्रपूरचा उन्हाळा म्हणजे चेष्टा नव्हे. पारा ४५ अंशांच्याही वर जातो आणि गाडीला छप्पर नसतं. घरात लहान भावंडं किंवा आजी-आजोबा बरोबर येणार असतील, तर फेब्रुवारी महिना बरा. तेव्हा पळस लालभडक फुललेला असतो. मार्च लागला की मोहाची फुलं पडू लागतात आणि ती वेचायला अस्वलं येतात.

ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये जंगल हिरवंगार असतं. गवत उंच असल्यामुळे प्राणी कमी दिसतात, पण तलाव मात्र काठोकाठ भरलेला असतो. डिसेंबर-जानेवारीत पक्षी भरपूर. आणि पहाटेची थंडी अशी, की उघड्या गाडीत दातांची वाजंत्री सुरू होते!

दोन गोष्टी मात्र पक्क्या लक्षात ठेवा. १ जुलै ते ३० सप्टेंबर या काळात जंगलाचा गाभा बंद असतो. पावसात आतले कच्चे रस्ते चिखलानं भरतात आणि जंगललाही आपल्यापासून सुट्टी हवीच की! शिवाय गाभ्यातली सफारी दर मंगळवारी बंद असते. म्हणून तारीख ठरवताना कॅलेंडरवर वारही पाहा.

परवाना आणि हिशेब

जंगल ही वाट्टेल तेव्हा शिरायची जागा नाही. रोज किती गाड्या आत सोडायच्या याचा आकडा ठरलेला असतो. त्यामुळे वन विभागाच्या अधिकृत संकेतस्थळावरून बरेच दिवस आधी आरक्षण करावं लागतं. सुट्टीतल्या जागा तर बघता बघता भरतात. परवान्यावर प्रत्येकाचं नाव आणि ओळखपत्राचा तपशील लागतो. प्रवेशद्वारावर तेच मूळ ओळखपत्र दाखवावं लागतं. तेव्हा तुमचं आधार कार्ड कुठल्या कपाटात आहे, हे आताच विचारून ठेवा!

गाडी म्हणजे उघडी जिप्सी. तिच्यात सहा पर्यटक, एक गाइड आणि एक चालक. काचा नाहीत, जाळी नाही, काही नाही. एक फेरी साधारण चार तासांची. पहाटे एक आणि दुपारी एक. शक्यतो दोन फेऱ्या तरी ठरवाव्यात. पहिल्या फेरीत नुसती ओळख होते, दुसरीत जंगल बोलू लागतं.

आता गणिताची वही काढा. पाच रकाने आखा : प्रवासभाडं, मुक्काम, जेवण, जिप्सीचं भाडं, प्रवेश आणि गाइडचं शुल्क. प्रत्येकाचा आजचा दर विचारून लिहा. मग बेरीज करा. बेरीज पाहून बाबांनी भुवया उंचावल्या, तर घाबरू नका. पूर्ण जिप्सी घेतली की भाडं गाडीचं असतं. तुम्ही तीनच जण असाल आणि शेजारचे तिघं बरोबर आले, तर जिप्सीचा खर्च प्रत्येकाला निम्म्यावर येतो. बफर भागातली सफारीही चौकशी करण्यासारखी असते. वाघाला गाभा आणि बफर यांच्यातली रेघ कुठं दिसते? तो दोन्हीकडे फिरतो.

पिशवीत काय भरायचं?

• मळकट हिरवे, खाकी, तपकिरी असे कपडे. पांढरे, चकचकीत नकोत.
• डोक्याला टोपी, तोंडाला बांधायला सुती रुमाल. जंगलातली लाल धूळ केसांपासून दातांपर्यंत बसते!
• थंडीत स्वेटर, कानटोपी आणि एक जाड शाल.
• पाण्याची स्टीलची बाटली.
• दुर्बीण असेल तर उत्तमच. घरात एखादी असेल तर पाळीपाळीनं वापरा.
• छोटी वही आणि पेन्सिल. पेन्सिलच हं! धक्के बसणाऱ्या गाडीत पेनानं नीट लिहिता येत नाही.

आणि काय नको? अत्तर नको, गाणी नकोत, खाऊचं कुरकुरणारं पाकीट नको. मोबाईलही नको. ताडोब्यात सफारीला मोबाईल बरोबर नेता येत नाही. "मग फोटो?" असं विचाराल. साधा कॅमेरा असेल तर चालतो. नसेल तर दोन डोळे आणि एक वही आहेच की!

कपड्यांवरून एक प्रश्न सुचला का? वाघ स्वतः एवढा केशरी, मग तो हरणांना कसा दिसत नाही? त्याचं उत्तर हरणांच्या डोळ्यांत आहे. त्यांना लाल-केशरी आणि हिरवा रंग वेगळे ओळखता येत नाहीत. आपल्याला केशरी दिसणारा वाघ त्यांना गवतासारखाच दिसतो. वर काळे पट्टे म्हणजे गवताच्या सावल्या! फसणारच ना बिचारी.

जंगलाची भाषा शिका

ही तयारी सर्वांत महत्त्वाची आणि ती फुकट आहे. वाघ आधी डोळ्यांना दिसत नाही. तो आधी कानांना कळतो.

वाघ किंवा बिबट्या चालू लागला, की जंगलात बातमी पसरते. चितळ 'कुक्, कुक्' असं तीक्ष्ण ओरडतं. झाडाच्या शेंड्यावरचं वानर 'खॉक्, खॉक्' करून खोकल्यासारखा आवाज काढतं. भेकर तर चक्क कुत्र्यासारखं भुंकतं. सांबराचा आवाज मोठा आणि घुमणारा, आणि ते जमिनीवर पायही आपटतं. यातल्या चितळाला वर्गातल्या घाबरट मुलासारखं समजा. नुसतं पान हललं तरी ते ओरडेल. पण सांबर ओरडलं, की अनुभवी गाइडसुद्धा गाडी थांबवून कान टवकारतात.

चितळ आणि वानर यांची दोस्तीही पाहण्यासारखी असते. वानरं झाडावर बसून पानं-फळं खातात. निम्मी खातात, निम्मी सांडतात. खाली चितळं ती सांडलेली मेजवानी मटकावतात. त्या बदल्यात काय? उंचावरून वानराला लांबचं दिसतं आणि खालून चितळाला वास लवकर येतो. दोघं मिळून पहारा देतात. कुणी कुणाला पगार देत नाही!

आता जमिनीकडे पाहा. पंजाचा ठसा उमटलाय. तो वाघाचा की कुत्र्याचा? सोपं आहे. कुत्र्याच्या ठशात बोटांपुढे नखांच्या खुणा दिसतात. वाघ चालताना नखं आत ओढून घेतो. त्यामुळे त्याच्या ठशात चार गोल बोटं आणि मागची मोठी गादी एवढंच दिसतं. आणखी एक कोडं सोडवा : रस्त्यावर जिप्सीच्या चाकांचे माग आहेत आणि वाघाचा ठसा त्या चाकाच्या मागावर उमटलाय. मग आधी कोण गेलं? बरोबर! आधी गाडी, मग वाघ. म्हणजे वाघ नुकताच इथून गेलाय आणि ठसा ताजा आहे.

झाडांनाही नावानं हाक मारायला शिका. ताडोब्यात साग आणि बांबू सगळीकडे. मगरीच्या पाठीसारखी साल असलेला तो ऐन. पांढराफटक, चांदण्यात चमकणारा तो कांडोळ. लोक त्याला भुताचं झाड म्हणतात. आणि मगरीवरून आठवलं, ताडोबा तलावात खऱ्या मगरीही आहेत. काठावर लाकडाचा ओंडका पडलेला दिसला, तर जरा थांबून पुन्हा पाहा. ओंडक्यानं जबडा उघडला तर दचकू नका!

शिवाय रानगवा, रोही, अस्वल, चौशिंगा, रानकुत्र्यांचा कळप, डोक्यावर तुरा मिरवणारा सर्पगरुड, लांब शेपटीचा स्वर्गीय नर्तक, पिवळाधमक हळद्या. यांतला एक जरी नीट पाहिला, तरी चार तास वाया गेले असं कोण म्हणेल?

जेव्हा वाघिणीची वाट अडते

आता एक खरी घडलेली गोष्ट ऐका. ती ऐकून मन थोडं खट्टू होईल, पण ऐकायलाच हवी.

नागपूर आणि भंडारा जिल्ह्यांत उमरेड-पवनी-कऱ्हांडला नावाचं अभयारण्य आहे. ३१ डिसेंबर २०२४ रोजी, म्हणजे वर्षाच्या शेवटच्या दिवशी, तिथल्या गोठणगाव भागात एक वाघीण आपल्या पाच बछड्यांना घेऊन सफारीच्या रस्त्यावर आली. झालं! पर्यटकांच्या गाड्या धावल्या. या बाजूनं गाड्या, त्या बाजूनं गाड्या आणि मधे आई आणि तिची पाच पिल्लं. त्यांना वाटच उरली नाही.

वाघिणीची पिल्लं साधारण दोन वर्षं आईबरोबर राहतात. लपायचं कसं, दबा कसा धरायचा, शिकार कशी करायची, सगळं तिच्याकडूनच शिकतात. ती रस्ता ओलांडते तेव्हा एकेक पिल्लू मागं आहे ना, याच्याकडे तिचं लक्ष असतं. शाळा सुटल्यावर तुमची आई धाकट्याचा हात धरून रस्ता ओलांडतेय आणि दहा-बारा मोटारींनी तिला चहूकडून घेरलंय, असं डोळ्यांपुढे आणा. काय वाटेल तिला?

या प्रसंगाची चित्रफीत सगळीकडे पसरली. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं कुणी तक्रार करायची वाट न पाहता स्वतःहून याची दखल घेतली. जिप्सीचालकांवर आणि गाइडवर कारवाई झाली, त्यांना निलंबित केलं गेलं. ते योग्यच झालं. नियम त्यांना ठाऊक होता आणि स्टिअरिंग त्यांच्या हातात होतं.

पण मुलांनो, आता थोडा विचार करा. गाडीत माणसं किती? आठ. शिक्षा झाली पुढे बसलेल्या दोघांना. मागच्या सहा जणांचं काय? सफारीला आलेली मोठी माणसं काय काय म्हणतात, ते ऐका. "अहो, एवढे पैसे मोजलेत, वाघ दिसायलाच पाहिजे!" "ती गाडी पुढे गेली, तुम्हीही घ्या ना पुढे!" "जवळून दाखवा, बक्षीस देतो!" चालक हो म्हणाला तर नियम मोडतो. नाही म्हणाला तर मागची मंडळी नाराज होतात, बक्षीस जातं आणि वर ऐकून घ्यावं लागतं. असा तो कात्रीत सापडतो.

गाइडदादा राहतो कुठं?

हे गाइड आणि चालक कोण असतात? बहुतेक जण जंगलाला लागून असलेल्या गावांतलेच. ताडोब्यात गाइडताईसुद्धा आहेत. पक्ष्याचा नुसता आवाज ऐकून त्या त्याचं नाव सांगतात. सफारीमुळे या गावांतल्या घरांत चार पैसे येतात.

ही गावं वाघाच्या अगदी शेजारी राहतात. आपण दोन दिवस पाहुणे म्हणून जातो, ती मात्र बाराही महिने तिथंच असतात. मार्च-एप्रिलमध्ये पहाटे मोहफुलं वेचायची, मे महिन्यात तेंदूची पानं तोडायची, यावर तिथल्या कित्येक घरांची वर्षाची मिठ-मिरची चालते. आणि पानं तोडताना वाकलेला माणूस वाघाला माणूस वाटत नाही. १० मे २०२५ रोजी चंद्रपूर जिल्ह्यातल्या सिंदेवाही तालुक्यात तेंदूची पानं तोडायला गेलेल्या तीन बायका एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात मरण पावल्या. त्यांच्याही घरी मुलं-माणसं वाट पाहत होती.

हे मी तुम्हाला घाबरवायला सांगत नाही. सफारीच्या गाडीत शांत बसलेल्या माणसाला वाघ सहसा ढुंकूनही पाहत नाही. तो जवळून गेला तरी उभं राहायचं नाही, हात बाहेर काढायचा नाही, ओरडायचं नाही, एवढं पाळलंत की झालं. पण वाघ वाचतो तो कुणामुळे, हे कळायला हवं. २००६ च्या गणनेत देशात अंदाजे १४११ वाघ होते. २०२२ च्या गणनेत ते अंदाजे ३६८२ झाले, त्यातले ४४४ महाराष्ट्रात. प्रत्येक वाघाचे पट्टे वेगळे असतात, जसे आपल्या बोटांचे ठसे. जंगलात लावलेल्या कॅमेऱ्यांतले फोटो जुळवून ही मोजणी करतात. या वाढलेल्या आकड्यामागे वनरक्षकांची पायपीट आहे. आणि शेजारी वाघ असतानाही तिथंच संसार करणाऱ्या माणसांचं सोसणंही आहे. त्यांनी जे सांभाळलं, ते चार तासांत बिघडवायचा आपल्याला काय अधिकार?

पाठ करायचं वाक्य

म्हणून सहलीच्या तयारीतली शेवटची गोष्ट. ही आईच्या यादीत नसेल, बाबांच्याही नसेल. ती फक्त तुमच्याकडे आहे.

जिप्सी प्रवेशद्वारातून आत शिरायच्या आधी गाइडदादाला किंवा गाइडताईला नमस्कार करा, नाव विचारा आणि मोठ्यानं सांगा, "दादा, आज वाघ नाही दिसला तरी चालेल. आम्हाला जंगल दाखवा."

बस्स, एवढंच वाक्य! पण त्यानं काय होतं पाहा. दादाच्या डोक्यावरचं ओझं उतरतं. चालककाकांना दुसऱ्या गाडीच्या मागं पळायची गरज उरत नाही. मग गाडी हळू चालते. थांबते. दादा तुम्हाला अस्वलानं झाडावर ओढलेले ओरखडे दाखवतो. गोंडराजांच्या काळातले म्हणून ओळखले जाणारे रस्त्याकाठचे दगडी खांब दाखवतो. मोहाच्या झाडाखाली गाडी थांबवून आजीनं सांगितलेली गोष्ट सांगतो. आणि पळणाऱ्या गाडीपेक्षा थांबलेल्या गाडीतूनच धोक्याची हाक नीट ऐकू येते. म्हणजे कदाचित वाघसुद्धा याच गाडीला दिसेल! दिसलाच, तर दादाला म्हणा, "मागं थांबू या. त्याला वाट मोकळी ठेवू या."

मोठी माणसं हे वाक्य म्हणायला लाजतात. पैसे त्यांनी भरलेले असतात ना! पण एखाद्या मुलानं किंवा मुलीनं ते म्हटलं, की गाडीतल्या मोठ्यांना उगाच हट्ट धरता येत नाही. करून तर बघा.

आणि फेरी संपल्यावर बक्षीस द्यायचंच असेल, तर ते वाघाचं नको. छान माहिती सांगितल्याबद्दल द्या. दादाला कळू दे, आपल्याला नेमकं काय आवडलं ते.

ताडोबा लांब पडतं?

सगळ्यांनाच चंद्रपूरपर्यंत जायला जमेल असं नाही. त्यात वाईट वाटून घेऊ नका. महाराष्ट्रात जंगलांची काय कमी? ताडोब्याशिवाय मेळघाट, पेंच, बोर, नवेगाव-नागझिरा आणि सह्याद्री असे आणखी पाच व्याघ्र प्रकल्प आहेत. यातला मेळघाट तर १९७३ साली देशात व्याघ्र प्रकल्प सुरू झाला, तेव्हाच्या पहिल्या नऊ प्रकल्पांपैकी एक. आणि वाघच हवा असंही कुठं आहे? भीमाशंकरला आपला राज्यप्राणी शेकरू आहे. रेहेकुरीला काळवीट आहेत. थंडीत भिगवणच्या पाण्यात रोहित पक्षी उतरतात. नाशिकजवळ नांदूर मध्यमेश्वरला दुर्बीण लावून बसलात, तर पक्षी मोजता मोजता दमाल. यांपैकी एखादं ठिकाण एस.टी.च्या तिकिटात आणि डब्यातल्या पोळी-भाजीत उरकण्यासारखं तुमच्या जवळही असेल.

तोपर्यंत सराव घरीच करा. उद्या सकाळी अंगणात, गच्चीवर किंवा शाळेच्या मैदानावर बरोबर पंधरा मिनिटं अजिबात न बोलता बसा. वहीचे तीन भाग पाडा : ऐकलं, पाहिलं, कळलं नाही. काय ऐकलं ते पहिल्या भागात लिहा, काय पाहिलं ते दुसऱ्यात. तिसरा भाग सर्वांत जास्त भरला तर समजा, तुम्ही खरे जंगलवाले होणार! एकदा कावळे अचानक गलका करू लागले, तर वर पाहा. बहुधा एखादं मांजर किंवा शिकारी पक्षी जवळपास असेल. ही तुमच्या गल्लीतली धोक्याची हाक. चितळाची भाषा याहून फार वेगळी नसते.

पंधरा मिनिटं गप्प बसायला जमलं, की जिप्सीतले चार तासही जमतील. मग तारीख ठरवा, वार पाहा, मंगळवार टाळा आणि आधार कार्ड शोधा. तुमच्या वहीतलं सर्वांत गमतीदार पान आम्हाला जरूर पाठवा. त्यात वाघ नसला तरी चालेल हं!